निवडुंगाच्या माळावर

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कुंडल रोड नावाचे एक लहानसे स्थानक होते. इ. स. १९१० च्या मार्च महिन्यात या स्थानकाजवळच्या माळावर बेळगावहून काही कुटुंबे राहावयास आली. बरोबर पोरेबाळे होती, संसाराची भांडीकुंडी होती आणि कारखान्याचे सामानही होते. माळ सुमारे ३२ एकरांचा. त्यावर पाहावे तिकडे निवडुंग माजलेला. त्या निवडुंगात सापांचा सुळसुळाट आणि पाण्याची मोठी टंचाई. ज्या जागेत गुरे चारावयासही कोणी आनंदाने गेला नसता, त्या जागेत कारखाना उभारावयाचा व त्याच्याभोवती एक गाव वसवावयाचे, असा या मंडळींचा बेत होता. त्यांच्या प्रमुखाचे वय चाळीस वर्षांचे होते. या वयात माणसे सहसा स्थिरस्थावर झालेली असतात. तो मात्र बेळगावात जमलेला धंदा उचलून, पुन्हा पहिल्यापासून आरंभ करण्यासाठी येथे आला होता. त्याचे नाव लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आता कर्नाटक राज्यात आहे. किर्लोस्कर हे नाव त्या काळी महाराष्ट्राच्या कानावर आले ते नाटकामुळे. १८८० साली शाकुंतल रंगभूमीवर आणून मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे व याच घराण्यातले. लक्ष्मणरावांचे वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. घरात ग्रंथांचा आदर होता. पण धाकट्या लक्ष्मणाचे मन पाठांतरात रमेना. त्याला दोनच गोष्टींचा छंद होता. एक चित्रे काढण्याचा आणि दुसरा यंत्रांचा. या दोन्ही छंदांतून पोट कसे भरणार, ही त्या काळच्या कोणाही बापाला पडणारी चिंता काशीनाथपंतांनाही पडली. चित्रकला शिकावयास मुंबईस जाण्याचा मुलाचा विचार त्यांना पसंत नव्हता. अशा वेळी थोरले बंधू रामुअण्णा धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले. त्यांनी पैशांची तजवीज केली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा आघात त्यांच्यावर झाला. चित्रे रंगवू लागल्यावर असे दिसून आले, की त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही. हा दृष्टीचा जन्मजात दोष होय. तो असणाऱ्या माणसास इतरांप्रमाणेच सर्व वस्तू स्पष्ट दिसतात. फक्त काही रंग एकमेकांहून निराळे भासत नाहीत. इतरांचे याच्यावाचून काही अडत नाही. पण ज्याने चित्रकार होण्यासाठी घर सोडले, त्याला हे कळणे म्हणजे गायकाला आपला कान सुरांत नाही हे कळण्यासारखेच. लक्ष्मणराव खिन्न झाले असतील, यात नवल नाही. परंतु ते गावी परतले नाहीत. त्यांनी रंगांचा नाद सोडला आणि यंत्रांच्या आकृती काढण्याची विद्या हाती घेतली. या विद्येत रंगाला स्थान नसते. तेथे रेघ आणि माप यांचेच राज्य असते. यंत्राचा प्रत्येक भाग किती लांब, किती जाड, दुसऱ्या भागात कोठे बसणार, हे कागदावर असे मांडावयाचे असते, की दूरच्या कारागिराने ते पाहून तसाच भाग घडवावा. चित्राची आवड आणि यंत्राची आवड येथे एकत्र आली.

या विद्येच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत यांत्रिक रेखाकलेच्या सहायक शिक्षकाची जागा मिळाली. पगार दरमहा ४५ रुपये. त्या काळात हा पगार वाईट नव्हता. पण त्यांच्या दृष्टीने पगाराहून मोठा लाभ म्हणजे संस्थेची कर्मशाळा. शिकवून झाले की ते तेथे जात, यंत्रे जवळून पाहत, त्यांची रचना समजून घेत. परदेशी मासिके व यंत्रांविषयीची पुस्तके मिळवून वाचण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. ही सवय त्यांना पुढे फार उपयोगी पडली. कारण ज्या कामात त्यांनी हात घातला, ते काम शिकविणारा गुरू त्यांना बहुधा पुस्तकांतच भेटला.

याच सुमारास दोघा भावांनी धंद्याचे एक छोटेसे रोप लावले. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा सायकली नुकत्याच दिसू लागल्या होत्या. बेळगावकडे तर ती नवलाचीच वस्तू. लक्ष्मणरावांनी मुंबईत सायकली विकत घ्याव्या व बेळगावास धाडाव्या, आणि रामुअण्णांनी त्या तेथे विकाव्या, असे ठरले. १८८८ साली या दुकानाला आरंभ झाला. सायकलीची किंमत शेकडो रुपयांच्या घरात असे, म्हणून घेणारे मोजकेच असत. शिवाय ती घेऊन उपयोग काय, चालवावयास यावयास हवी ना! तेव्हा रामुअण्णा ग्राहकांना सायकल शिकवीतही असत आणि त्याबद्दल १५ रुपये घेत. दुकानावर किर्लोस्कर बंधू हे नाव लागले. ते ज्या रस्त्यावर होते, तो रस्ता पुढे किर्लोस्कर रस्ता म्हणूनच ओळखला जाऊ लागला.

मुंबईतील नोकरी कदाचित जन्मभर चालली असती. पण बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क बाजूला ठेवून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थास देण्यात आली. राज्य इंग्रजांचे होते. अशा गोष्टी तेव्हा नित्य घडत आणि माणसे मान खाली घालून त्या सोशीत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला व ते बेळगावास भावाजवळ आले. आपल्या अंगी गुण असताना केवळ जन्मावरून आपल्याला मागे सारले गेले, ही सल त्यांच्या मनात राहिली असावी. पुढे स्वतः माणसे निवडण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी कोणाचे कूळ पाहिले नाही, की प्रशस्तिपत्रेही फारशी पाहिली नाहीत.

बेळगावात आल्यावर केवळ दुसऱ्यांनी केलेला माल विकण्यात त्यांचे समाधान होईना. आपल्या देशात सर्वांत मोठा धंदा शेतीचा. तेव्हा यंत्रे करावयाची तर ती शेतकऱ्याच्या उपयोगाची, असा सरळ विचार त्यांनी केला. पहिल्याने त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. अख्खा कडबा टाकला तर गुरे पाने खातात आणि जाड ताटे तुडवून टाकतात. तोच बारीक कापून घातला तर वाया जात नाही, आणि दुष्काळी मुलखात चाऱ्याची बचत म्हणजे गुरांचे प्राण. या यंत्रानंतर लक्ष्मणरावांनी हात घातला तो लोखंडी नांगरात.

त्या काळचा आपला नांगर लाकडाचा असे. गावचा सुतार तो बाभळीच्या लाकडातून घडवी आणि त्याला लोखंडी फाळ बसवी. असा नांगर माती फोडतो. पण ती उलथवीत नाही. तणांची मुळे जागच्या जागी राहतात. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा मातीचे ढेकूळ उचलून ते पालथे घालतो. त्यामुळे तण गाडले जाते, त्याचे खत होते आणि खालच्या मातीला ऊन व हवा लागते. याशिवाय आणखी एक मोठा फरक होता. सुताराच्या हातचे दोन नांगर कधी तंतोतंत सारखे नसतात. कारखान्यातील नांगराचा प्रत्येक भाग एकाच साच्यातून निघतो. म्हणून एखादा भाग झिजला किंवा मोडला, तर तेवढाच नवा आणून बसविता येतो. हे आज आपल्याला साधे वाटते. त्या काळी खेड्यातील माणसाला ती कल्पनाच अपरिचित होती.

नांगर तयार झाले. पण विकत घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाचे विष जमिनीत उतरते आणि ती नापीक होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली! दोन वर्षे कारखान्यात तयार माल पडून राहणे म्हणजे काय, हे ज्याने पदरचे पैसे घालून माल केला त्यालाच ठाऊक. या प्रसंगावरून शेतकऱ्याच्या अज्ञानाला हसणे सोपे आहे. परंतु थोडा विचार केला तर त्याचे म्हणणे समजू शकते. त्याच्याजवळ जमिनीचा एकच तुकडा. तो एका हंगामापुरता जरी बिघडला, तरी घरातील माणसे उपाशी राहावयाची. नवी वस्तू पारखून पाहण्याची चैन त्याला कशी परवडणार? लक्ष्मणरावांनीही त्याच्यावर राग धरला नाही. ते नांगर करीत राहिले व त्यात सुधारणा करीत राहिले. जेथे तो चालला तेथील पिके पाहून शेजारच्या शेतकऱ्याचा धीर वाढला, आणि हळूहळू मागणी येऊ लागली.

धंद्याला असे बरे दिवस येत होते, तोच दुसरे संकट उभे राहिले. बेळगाव शहर वाढत होते. नव्या वस्तीसाठी नगरपालिकेला जागा हवी होती आणि त्या जागेत किर्लोस्कर बंधूंचा कारखाना येत होता. जागा सोडण्याचा हुकूम झाला. कारखाना म्हणजे काही दुकान नव्हे, की फळ्या काढून दुसरीकडे लावाव्या. ओतकामाची भट्टी, जड यंत्रे आणि ती चालविणारी माणसे, हे सारे न्यावयाचे कोठे? नवी जागा घेण्यास पैसा नव्हता.

या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव, म्हणजेच बाळासाहेब पंतप्रतिनिधी, मदतीस आले. हे राजे स्वतः उत्तम चित्रकार होते. १९०९ साली ते गादीवर बसले आणि पुढे १९३९ साली त्यांनी आपल्या प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपविला, यावरून त्यांच्या मनाचा मोठेपणा कळून येतो. त्यांची व लक्ष्मणरावांची ओळख होती. आपल्या संस्थानात कोठेही जागा घ्या व कारखाना काढा, असे त्यांनी सुचविले आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. लक्ष्मणरावांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा तो माळ पसंत केला. निवडुंगाकडे त्यांनी पाहिले नाही. त्यांनी पाहिली ती शेजारून जाणारी आगगाडीची वाट. कच्चे लोखंड व कोळसा आणावयाचा आणि तयार नांगर दूरदूर पाठवावयाचे, तर रेल्वे दाराशी हवी.

सुमारे २५ कामगार व त्यांची कुटुंबे लक्ष्मणरावांबरोबर आली. निवडुंग तोडावा, साप मारावे, जमीन साफ करावी, छपरे उभारावी आणि जमेल तसे कामही सुरू करावे, असा तो काळ होता. कारखानदाराची बायकामुले शहरात आणि कामगारांची माळावर, असा प्रकार नव्हता. लक्ष्मणरावांचे कुटुंब त्याच माळावर राहिले. त्यांचे पुत्र शंतनुराव त्या वेळी सात वर्षांचेही झाले नव्हते. मोठेपणी त्यांनी आपले आत्मचरित्र लिहिले, तेव्हा त्याच्या नावातच निवडुंग आणि गुलाब यांना शेजारी शेजारी बसविले. ज्या माळावर एक होता, तेथेच दुसरा फुललेला त्यांनी पाहिला होता. या वस्तीला नाव पडले किर्लोस्करवाडी. नगर नाही, पूर नाही, साधी वाडी.

परदेशांतील काही कारखानदारांनी आपल्या कामगारांसाठी स्वच्छ व नेटकी गावे वसविली होती. त्यांची वर्णने लक्ष्मणरावांनी वाचली होती. मुंबईत गिरणीकामगार एकेका अंधाऱ्या खोलीत कसे दाटीने राहतात, हेही मुंबईकर म्हणून त्यांना माहीत होते. कारखान्याचे यंत्र स्वच्छ ठेवावयाचे आणि ते चालविणाऱ्या माणसाला मात्र उकिरड्यात ठेवावयाचे, हे त्यांच्या मनाला पटत नव्हते. रामुअण्णांनी गावाची आखणी व कारभार आपल्याकडे घेतला. ज्या अण्णांनी धाकट्या भावाला चित्रकला शिकण्यास पैसे दिले होते, त्यांनीच आता त्याच्या गावाचे रस्ते आखले.

या वाडीत जमलेली माणसे मोठी पाहण्याजोगी होती. शंभोराव जांभेकर यंत्रांचे काम पाहत. पण कोणी आजारी पडले तर औषधही तेच देत, आणि कोठे काही अडले तर तेथेही त्यांनाच बोलावणे जाई. के. के. कुलकर्णी हे व्यवस्थापक. माल विकावयास तेच जात, येणाऱ्याजाणाऱ्यांचे आगतस्वागत तेच करीत आणि वेळ पडल्यास कचेरीतील पोऱ्याचे कामही करीत. मंगेशराव रेगे हिशेब व पत्रव्यवहार सांभाळीत. अनंतराव फळणीकर यांचे शिक्षण अर्धवट सुटले होते. शाळेच्या मापाने पाहिले तर ते नापास. पण त्यांच्या डोक्यात नव्या नव्या कल्पना येत, आणि कारखान्यात ते एक कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावारूपास आले. त्यांना येथे कोणी गुणपत्रिका विचारली नाही. रंग ओळखता येत नाहीत म्हणून ज्याचे शिक्षण एकदा अडले होते, तो दुसऱ्याची गुणपत्रिका कोणत्या तोंडाने मागणार!

सर्वांत धाडसाची निवड होती ती पहारेकऱ्यांची. आडरानातील वस्ती, तिच्या रक्षणाला खात्रीची माणसे हवीत. लक्ष्मणरावांनी हे काम ज्यांना दिले, त्यांच्यापैकी दोघे गुन्ह्यांबद्दल शिक्षा भोगून आलेले होते. अशा माणसांना त्या काळी कोणी दाराशी उभे करीत नसे. मग ती पुन्हा वाकड्या वाटेला लागत, आणि लोक म्हणत की पाहा, आम्ही सांगितलेच होते. येथे त्यांच्या हाती सगळ्या वाडीची राखण आली आणि ती त्यांनी निष्ठेने केली. हे करताना लक्ष्मणरावांनी केवळ भाबडेपणाने विश्वास टाकला असे नव्हे. माणसाची पारख करण्यात ते चतुर होते. परंतु पारख करून झाल्यावर ते अर्धा विश्वास ठेवीत नसत.

वाडीत अस्पृश्यता पाळण्यास त्यांनी बंदी केली. हे १९१० नंतरचे दिवस होते, हे ध्यानात घेतले पाहिजे. खेड्यापाड्यांतून तेव्हा काही माणसांची सावलीही टाळली जाई. लक्ष्मणरावांची देवधर्माच्या बाह्य आचारांवर फारशी श्रद्धा नव्हती आणि जातिभेदावर तर मुळीच नव्हती. भट्टीतून लोहरसाचे पात्र दोघांनी मिळून न्यावयाचे असते. तेथे एकाने दुसऱ्यापासून अंतर राखून कसे चालेल? ज्याला हा नियम मान्य नसेल, त्याला वाडीचे दार बंद होते.

अर्थात मालकाने वसविलेल्या गावाला दुसरी बाजूही असते, आणि ती सांगितली नाही तर चित्र अपुरे राहील. अशा गावात काम, घर आणि शिस्त ही सर्व एकाच हातातून मिळतात. ज्याचे काम गेले त्याचे घरही जाण्याचा धोका असतो. मालक चांगला असेल तोवर ही व्यवस्था गोड वाटते. किर्लोस्करवाडीत ती टिकली, याचे एक कारण मालक दूरच्या बंगल्यात राहत नव्हता, हे होय. जो धूर कामगारांच्या घरावरून जाई, तोच त्याच्याही घरावरून जाई.

१९१४ साली युरोपात पहिले महायुद्ध पेटले. परदेशी मालाची आवक आटली, त्यामुळे देशी नांगरांना मागणी वाढली. पण लोखंड आणि कोळसा हेही दुर्मीळ व महाग झाले. गिऱ्हाईक दाराशी आणि भट्टीत घालावयास लोखंड नाही, अशी विचित्र अवस्था अनेक कारखान्यांची झाली. हे दिवस किर्लोस्करांनी काटकसरीने व युक्तीने निभावून नेले. कारखाना आता उसाचे चरक आणि भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रेही करू लागला होता. हा पसारा दोघा भावांच्या पैशांवर चालण्याजोगा राहिला नव्हता. १९२० साली किर्लोस्कर बंधू ही मर्यादित जबाबदारीची कंपनी झाली. म्हणजे तिचे भांडवल लहान लहान भागांत वाटले गेले, आणि ज्याने भाग घेतला तो तेवढ्यापुरता कारखान्याचा धनी झाला. घरचा धंदा असा लोकांपुढे उघडा करणे सर्वांनाच जमत नाही. हिशेब दाखवावे लागतात, चुकांचे जाब द्यावे लागतात.

त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर नावाचे एक नियतकालिक सुरू केले. कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांना मिळावी हा आरंभीचा हेतू होता. परंतु ते हळूहळू वाढत जाऊन किर्लोस्कर मासिक झाले, आणि त्याला पुढे स्त्री व मनोहर या मासिकांची जोड मिळाली. नांगराच्या कारखान्यातून निघालेली ही मासिके महाराष्ट्रातील घराघरांत गेली. माळावरच्या एका वाडीतून निघणारी मासिके शहरांतील सुशिक्षितांनी वाट पाहून वाचावी, हे त्या काळचे एक कौतुकच होते.

शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परत आले. ज्या विद्येसाठी पित्याला पुस्तके धुंडाळावी लागली, ती पुत्राने रीतसर संपादन केली. १९२६ सालीच कारखान्यात पाण्याचा पंप तयार झाला. नांगरानंतर पंप, हा क्रम सहजच आला. जमीन खोल नांगरली, पण पाणी नसेल तर पिकणार काय? विहिरीचे पाणी तोपर्यंत मोटेने काढीत. बैलांची जोडी उतारावरून खाली जाई, चामड्याची मोट वर येई, पाटात रिती होई, आणि बैल पुन्हा मागे सरत. दिवसभर हे चाले. नव्या पंपात एक पंखेदार चाक वेगाने फिरते. ते आतील पाण्याला कडेकडे फेकते. मध्यभागी रिकाम्या झालेल्या जागेत विहिरीतील पाणी वर चढते, आणि अशी एक सलग धार बाहेर पडत राहते.

पण पंप फिरवावयास शक्ती हवी. म्हणून तेलावर चालणारी एंजिने आली. जेथे वीज पोहोचली तेथे विजेची मोटार अधिक सोयीची, म्हणून मोटारी आल्या. आणि ही सर्व यंत्रे ज्या यंत्रांवर घडवावयाची, ती तरी परदेशांतून किती दिवस आणावयाची? १९४१ साली म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ यंत्रांचा कारखाना निघाला. १९४६ साली बंगळूरला विजेच्या मोटारींचा आणि पुण्याजवळ खडकीस तेल एंजिनांचा कारखाना सुरू झाला. एका गरजेने दुसरीला हाक मारावी, तसे हे कारखाने एकामागून एक उभे राहिले. लक्ष्मणरावांनी हळूहळू कारभार तरुणांच्या हाती सोपविला होता. कर्त्या माणसाला काम सुरू करण्यापेक्षा ते सोडणे जड जाते; त्यांनी तेही केले.

त्यांच्या उतारवयात एक कठोर प्रसंग यावयाचा होता. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रातील ब्राह्मण होता, एवढ्यावरून अनेक ठिकाणी ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर संतप्त जमाव चालून गेले. ज्यांचा त्या दुष्कृत्याशी काडीचाही संबंध नव्हता, त्यांचे संसार जळाले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही या आगीतून सुटला नाही. ज्या वाडीत जात विचारावयाची नाही असा नियम होता, ती वाडी जातीवरून जाळण्यात आली! ३८ वर्षांपूर्वी निवडुंग तोडून उभारलेल्या वास्तूंवर ज्वाळा चढल्या. लक्ष्मणरावांचे वय त्या वेळी ७८ वर्षांचे होते.

राख निवल्यावर वाडी पुन्हा कामाला लागली. जळलेले उपसून काढण्यात आले, छपरे पुन्हा चढली, भट्टी पुन्हा पेटली. कारखाना हलविण्याची भाषा कोणी केली असती, तर तिला कारण नव्हते असे नाही. पण तो हलला नाही. बेळगावहून एकदा उचललेला संसार माळात रुजला होता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुणे येथे लक्ष्मणरावांचे देहावसान झाले. १९६९ साली त्यांच्या जन्मास शंभर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात अजूनही पंप तयार होतात. ज्या स्थानकाजवळच्या माळावर ती २५ कुटुंबे प्रथम राहावयास आली, त्याचे कुंडल रोड हे नाव पुढे बदलले. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या आगगाड्या तेथे थांबतात, आणि फलाटावरच्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.